धोतराच्या गाठीवरून कॅन्सर ओळखणारे डॉ. खानोलकर आणि आजच्या किडनी कॅन्सरच्या रिपोर्टमधल्या 'त्या' अक्षरांची गोष्ट

समजा, मुळशीतल्या पौडला किंवा पिरंगुटला राहणाऱ्या कुणाच्या तरी किडनीत गाठ सापडली. सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झालं, पुण्यात ऑपरेशन होऊन गाठ बाहेर निघाली. घरच्यांना वाटतं, सुटलो. आठवड्याभरानं हातात एक कागद येतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, पॅक्स-८ पॉझिटिव्ह, सीए-नाईन पॉझिटिव्ह, सीके-७ निगेटिव्ह.

हे काय आहे, ते कुणी नीट समजावून सांगत नाही. आपणही शेवटची ओळ वाचतो आणि कागद फाईलला लावतो.

पण पेशंटचं पुढं काय होणार, हे बऱ्याचदा त्याच अक्षरांवर ठरतं. हा कागद लिहितो तो पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पेशंटला सहसा कधीही न दिसणारा डॉक्टर. भारतात या न दिसणाऱ्या डॉक्टरांच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांमध्ये एका मराठी माणसाचं नाव पहिल्या ओळीत घेतलं जातं. डॉ. वसंत रामजी खानोलकर.

आज त्यांची गोष्ट बघू, आणि जाता जाता त्या रिपोर्टमधली अक्षरंही समजून घेऊ.

लंडनला गेले, पॅथॉलॉजी घेऊन परत आले

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. गोमंतक मराठा समाजातलं कुटुंब. १९२३ साली त्यांनी लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजी विषयात एमडी केलं.

ही तीच वर्षं, जेव्हा मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह पेटला होता. १९२१ ला सुरू झालेला हा लढा होता टाटांच्या वीज कंपनीविरुद्ध. मावळातल्या शेतकऱ्यांच्या भातखाचरांवर पाणी फिरलं, धरण झालं आणि त्या पाण्यावर तयार झालेली वीज भिऱ्याहून मुंबईला गेली. त्या काळात टाटा समूहाच्या प्रमुखपदी होते सर दोराबजी टाटा.

हे इथं सांगायचं कारण म्हणजे हेच दोराबजी पुढं खानोलकरांच्या गोष्टीतही येतात, पण वेगळ्या वाटेनं.

खानोलकर परत आले तेव्हा भारतात हुशार डॉक्टर म्हणजे सर्जन किंवा फिजिशियन, असं समीकरण होतं. पेशंट यांच्याकडं यायचे, नाव यांचंच व्हायचं. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा माणूस. खानोलकरांनी हीच मागची खोली निवडली. मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये त्यांनी पॅथॉलॉजी शिकवली आणि विद्यार्थ्यांची एक पिढी तयार केली. पुढं देशातल्या पॅथॉलॉजिस्ट आणि मायक्रोबायोलॉजिस्ट लोकांची संघटना उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्षही तेच झाले.

एक दुःख आणि एक हॉस्पिटल

१९३१ साली दोराबजींच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचं ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरनं निधन झालं. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. जाण्याआधी त्यांनी आपली संपत्ती ट्रस्टच्या नावे केली होती. या ट्रस्टनं मुंबईत परळला कॅन्सरसाठी स्वतंत्र हॉस्पिटल बांधलं. २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालेलं हे हॉस्पिटल म्हणजे टाटा मेमोरियल.

मुळशीच्या माणसाच्या आठवणीत टाटा हे नाव दोन ठिकाणी येतं. एक धरणाशी आणि दुसरं घरात कुणाला कॅन्सर झाला की परळच्या वाटेशी. दोन्हीमागं एकच घराणं आहे. त्यातल्या एकामुळं दुसरं पुसलं जात नाही.

या नव्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळांची जबाबदारी आली खानोलकरांकडं. तेव्हा त्यांचं वय होतं पंचेचाळीस.

एकच आजार, पण माणूस बदलला की जागा बदलते

टाटा हॉस्पिटलला देशभरातून पेशंट यायला लागले. त्यांच्या गाठींचे तुकडे खानोलकरांच्या टेबलावर यायचे. पॅथॉलॉजिस्टचं काम तसं इथं संपतं. तुकडा बघायचा, कॅन्सर आहे की नाही ते लिहायचं आणि पुढचा तुकडा घ्यायचा.

खानोलकर मात्र तुकड्यामागचा माणूसही बघायचे. तो कुठला, काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, याची नोंद व्हायची. १९४४ साली त्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १००० केसेसचा अभ्यास अमेरिकेतल्या एका मोठ्या नियतकालिकात छापला.

आणि १९४५ साली त्यांनी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसोबत भारतात दिसणारे कॅन्सरचे तीन नवे प्रकार जगासमोर मांडले. ते तिन्ही सवयींशी जोडलेले होते.

पहिला चुट्ट्याचा. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्टा नावाची चिरूट ओढतात. तिथल्या अनेक बायका तिचं जळतं टोक तोंडाच्या आत ठेवून ओढायच्या. कॅन्सर व्हायचा तो थेट टाळूला, जिथं एरवी तो फार कमी दिसतो.

दुसरा खैनीचा. तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठाच्या आत दाबून ठेवायचा. कॅन्सर बरोबर त्याच खोबणीत.

आणि तिसरा धोतराचा. आपल्याकडं धोतर रोज एकाच जागी, कमरेला घट्ट आवळून नेसलं जायचं. घाम, घर्षण, वर्षानुवर्षं तोच पट्टा. आधी कातडी काळवंडायची, मग जाड व्हायची, जखम व्हायची आणि काही जणांत तिथं त्वचेचा कॅन्सर उभा राहायचा. कासोट्याची किंवा परकराच्या नाडीची साडी नेसणाऱ्या बायकांमध्येही असंच होऊ शकतं, हे नंतरच्या डॉक्टरांनी दाखवलं.

आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळात कॅन्सर म्हणजे नशीब, मागच्या जन्मीचं पाप, असं मानणारी घरं होती. तिथं एक माणूस पुरावे देऊन सांगत होता की, रोजच्या सवयीतून कॅन्सर येतो आणि सवय बदलली तर तो टळूही शकतो.

मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांमध्ये कॅन्सरचं चित्र कसं बदलतं, हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. उदाहरणार्थ, पारशी बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त आणि गर्भाशयाच्या मुखाचा कमी. हा फरक का, हे शोधताना ते आनुवंशिकतेकडं वळले. एल. डी. संघवी यांच्यासोबत त्यांनी मुंबईतल्या सहा समाजांमधल्या रक्तगटांचा आणि इतर आनुवंशिक गुणांचा अभ्यास केला.

संशोधनासाठी वेगळं घर

हॉस्पिटलमध्ये पेशंटचा रेटा असतो. संशोधन मागं पडतं. म्हणून १९५२ साली मुंबईत भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र सुरू झालं आणि खानोलकर त्याचे संस्थापक संचालक झाले.

इथं त्यांनी माणसं कशी जमवली, त्याचं एक उदाहरण पुण्याचं आहे. डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. त्यांनी १९४९ साली खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी पूर्ण केली. पुढं त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या. हे तेच गाय, ज्यांनी माणसाच्या कॅन्सरच्या पेशी पहिल्यांदा प्रयोगशाळेत कायम जिवंत ठेवून दाखवल्या होत्या. रणदिवे परत आल्या आणि त्यांनी खानोलकरांच्या केंद्रात भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली.

कुष्ठरोगावरही या केंद्रात काम झालं. १९५८ साली खानोलकर, रणदिवे आणि सी. व्ही. बापट यांनी कुष्ठरोग्यांच्या शरीरातून मिळालेला एक जीवाणू प्रयोगशाळेत वाढवल्याचं जाहीर केलं. केंद्राच्या नावावरून त्याला आयसीआरसी बॅसिलस म्हणतात. पुढं यावरून कुष्ठरोगाच्या लसीचे प्रयोग झाले.

खानोलकरांच्या नावापुढं पदं वाढत गेली. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संघटनेचं अध्यक्षपद, अणुकिरणांच्या परिणामांवर काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर काम, १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचं कुलगुरूपद, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान आणि पद्मभूषण.

१९६६ साली टाटा हॉस्पिटल आणि हे संशोधन केंद्र एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर तयार झालं. उपचार आणि संशोधन एका छताखाली आलं.

आता येऊ किडनीकडं

खानोलकरांच्या काळात पॅथॉलॉजिस्टकडं मुख्य हत्यार एकच होतं. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, मेणात बसवायचा, केसापेक्षा कितीतरी पातळ काप घ्यायचा, काचेवर ठेवून जांभळा-गुलाबी रंग द्यायचा आणि बघायचं. डोळा आणि अनुभव, एवढ्यावर निदान.

किडनीच्या बाबतीत या पद्धतीनं डॉक्टरांना बराच काळ चकवलं. १८८३ साली पॉल ग्रॅविट्झ या जर्मन पॅथॉलॉजिस्टनं किडनीच्या गाठीतल्या पांढुरक्या, पारदर्शक पेशी बघितल्या. त्या किडनीच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या पेशींसारख्या दिसत होत्या. त्यांनी निष्कर्ष काढला की, ही गाठ अ‍ॅड्रिनलच्या भरकटलेल्या पेशींतून आलेली आहे. तिला हायपरनेफ्रोमा असं नाव पडलं. ही गाठ किडनीच्याच नळ्यांमधून येते हे नंतर कळलं, तरी जुनं नाव कित्येक दशकं डॉक्टरांच्या तोंडी राहिलं.

दुसरा घोळ असा की, किडनीचा कॅन्सर म्हणजे साधारण एकच आजार, अशी समजूत होती. प्रत्यक्षात तो अनेक आजारांचा गट आहे.

सगळ्यात जास्त दिसतो क्लिअर सेल प्रकार, साधारण १०० पैकी ७० ते ७५ केसेसमध्ये. त्यानंतर पॅपिलरी. मग क्रोमोफोब, १०० पैकी साधारण ५. आणि ऑन्कोसायटोमा नावाची एक गाठ आहे जी कॅन्सर नाहीच, पण दिसते मात्र क्रोमोफोबसारखी. ही गाठ साधी आहे हे ठळकपणे मांडलं गेलं १९७६ साली आणि माणसातला क्रोमोफोब कॅन्सर वेगळा ओळखला गेला १९८५ साली.

खानोलकरांचं निधन झालं २९ ऑक्टोबर १९७८ ला. म्हणजे त्यांच्या जवळपास सगळ्या कारकिर्दीत ही विभागणी झालेलीच नव्हती.

मग प्रोटीननं काय केलं?

प्रत्येक पेशी काही ठरावीक प्रथिनं, म्हणजे प्रोटीन तयार करते. किडनीची पेशी वेगळी, फुफ्फुसाची वेगळी. पेशी कॅन्सरची झाली तरी यातल्या बऱ्याच खुणा शिल्लक राहतात. माणसानं गाव सोडलं तरी बोलीवरून तो कुठला ते कळतं, तसंच.

प्रश्न होता ही प्रोटीन दिसणार कशी? उत्तर अँटीबॉडीमध्ये होतं. अँटीबॉडी ठरावीक प्रोटीनलाच जाऊन चिकटते. तिला रंग जोडला की ते प्रोटीन कुठं आहे ते दिसतं.

१९४१ साली, म्हणजे टाटा हॉस्पिटल सुरू झालं त्याच वर्षी, अमेरिकेत अल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडून दाखवला. १९६६ साली रंग देणारं एन्झाइम अँटीबॉडीला जोडण्याची पद्धत आली, त्यामुळं साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काम होऊ लागलं. १९७५ साली कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच जातीच्या, हव्या तेवढ्या अँटीबॉडी बनवण्याचा मार्ग शोधला. त्यांना १९८४ साली नोबेल मिळालं.

या सगळ्यातून आजची चाचणी उभी राहिली. तिचं नाव इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, रिपोर्टमध्ये आयएचसी. तोच मेणातला तुकडा, तोच पातळ काप, पण आता त्यावर अँटीबॉडी सोडतात. प्रोटीन असेल तर तपकिरी रंग उमटतो. रंग आला तर पॉझिटिव्ह, नाही आला तर निगेटिव्ह.

त्यामुळं एक लक्षात ठेवा. या यादीत पॉझिटिव्ह म्हणजे वाईट आणि निगेटिव्ह म्हणजे चांगलं, असं काहीही नसतं.

रिपोर्टमधली अक्षरं वाचायची कशी?

पॅक्स-८: ही गाठ किडनीची असण्याची खूण. समजा हाडात किंवा फुफ्फुसात गाठ सापडली आणि ती मूळ कुठून आली ते कळत नाही, तर पॅक्स-८ किडनीकडं बोट दाखवतं. पण थायरॉईड आणि स्त्रियांच्या जननसंस्थेच्या काही गाठींतही ते दिसतं, म्हणून एकट्यावर विसंबत नाहीत.

सीए-नाईन: पूर्ण नाव कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज नाईन. क्लिअर सेल प्रकारात बहुतेक वेळा व्हीएचएल नावाचं जीन बिघडलेलं असतं. त्यामुळं पेशीला वाटतं ऑक्सिजन कमी पडतोय, आणि ती हे प्रोटीन भरपूर बनवते. पेशीच्या चारही बाजूंनी चौकटीसारखा रंग दिसतो. त्याच्याच जवळचा दिसणारा, पण बराच सौम्य वागणारा एक गाठीचा प्रकार आहे. त्यात हा रंग वाटीसारखा, एक बाजू मोकळी ठेवून येतो.

सीके-७: क्रोमोफोब आणि ऑन्कोसायटोमा वेगळे करताना याचा मोठा उपयोग. क्रोमोफोबमध्ये रंग सहसा सगळीकडं पसरतो, ऑन्कोसायटोमात इकडंतिकडं तुरळक पेशींतच दिसतो.

सीडी-११७: या दोन्हींत पॉझिटिव्ह येतं, क्लिअर सेलमध्ये सहसा येत नाही. म्हणजे आधी हे बघून गट ठरवायचा, मग सीके-७ बघून गटातली गाठ.

एएमएसीआर: पॅपिलरी प्रकारात बहुतेक वेळा ठळक दिसतं.

टीएफई-३: तरुण किंवा लहान वयातल्या पेशंटमध्ये एका वेगळ्या प्रकारासाठी तपासतात, ज्यात गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात.

एफएच आणि एसडीएचबी: इथं उलटं आहे. ही प्रोटीन निरोगी पेशीत असायलाच हवीत. ती गायब झाली तर आनुवंशिक प्रकाराचा संशय येतो, आणि मग पेशंटच्या भावंडांची, मुलांचीही तपासणी करावी लागू शकते.

याचा पेशंटला फरक काय पडतो?

खूप पडतो. गाठ ऑन्कोसायटोमा निघाली तर तो कॅन्सर नाही. क्लिअर सेल पसरला असेल तर त्यावर चालणारी औषधं ठरलेली आहेत, तीच इतर प्रकारांवर तितकी चालतील असं नाही. आनुवंशिक प्रकार वेळेत ओळखला, तर ज्याला अजून काहीच त्रास नाही अशा घरातल्या दुसऱ्या माणसाचा जीव वाचू शकतो.

आणि मर्यादाही माहिती पाहिजे. एक मार्कर बघून निदान होत नाही, चार-पाचांचा संच बघतात आणि तो आधी साध्या रंगातल्या स्लाइडशी ताडून बघतात. काही गाठी कुठल्याच चौकटीत बसत नाहीत, तेव्हा जीनची तपासणी लागते. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किडनीचे काही कॅन्सर तर जीनच्या बिघाडावरूनच ओळखले जातात. आणि नुसत्या रक्ततपासणीतून किडनीचा कॅन्सर पकडणारा, रोजच्या वापरातला खात्रीचा मार्कर अजून नाही. तसा दावा करणारं पॅकेज कुणी विकत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

अजून एक कामाची गोष्ट. ऑपरेशननंतर तुमचा मेणातला ब्लॉक आणि स्लाइड लॅबमध्ये जपून ठेवलेल्या असतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल, तर त्या मागून घेता येतात. पुन्हा सुई टोचायची गरज बहुतेक वेळा लागत नाही. मुळशीसारख्या भागातून पुण्याला, मुंबईला हेलपाटे घालणाऱ्या घरांना हे माहिती असणं फार उपयोगाचं आहे. जाताना रिपोर्टसोबत ब्लॉकही न्या.

खानोलकर आज कुठं आहेत?

त्यांनी सुरू केलेलं संशोधन केंद्र पुढं वाढलं आणि नवी मुंबईत खारघरला गेलं. आज त्याला अ‍ॅक्ट्रेक म्हणतात. तिथल्या एका इमारतीचं नाव आहे खानोलकर शोधिका.

खानोलकरांकडं ना तपकिरी रंग होता, ना मार्करची यादी. पण गाठ दिसली की फक्त कॅन्सर आहे एवढं लिहून थांबायचं नाही, ती नेमकी कुठली, कुठून आली आणि याच माणसाला का झाली, हे विचारायचं, अशी कामाची पद्धत त्यांनी या देशात रुजवली. धोतराच्या गाठीपासून सुरू झालेले तेच प्रश्न आज पॅक्स-८ आणि सीके-७ च्या रूपात विचारले जातात.

म्हणून पुढच्या वेळी घरात कुणाचा बायोप्सी रिपोर्ट आला, तर शेवटची ओळ वाचून फाईल बंद करू नका. डॉक्टरांसमोर बसा, एकेक अक्षर दाखवा आणि यावरून काय ठरलं, ते विचारा. तो तुमचा हक्क आहे.